सोडलेले बीज आणि वाढलेले मासे

महाराष्ट्रातील एखाद्या जलाशयाच्या मत्स्यव्यवसायाची शासकीय नोंद चाळली, तर तिच्यात बहुधा तीनच आकडे ठळकपणे आढळतात : जलक्षेत्र किती हेक्टर, त्यात मत्स्यबीज किती सोडले आणि वर्षअखेर उत्पादन किती टन निघाले. ठेक्याची रक्कम हा चौथा आकडा, पण तो महसुलाचा असल्याने वेगळ्या रकान्यात जातो. यांपैकी एकही आकडा पाण्यात प्रत्यक्ष असलेल्या माशांविषयी काही सांगत नाही. पहिला पाटबंधारे खात्याच्या नकाशातून येतो, दुसरा बीज केंद्राच्या पावतीतून आणि तिसरा काठावरच्या वजनकाट्यावरून. काट्यावर न आलेल्या, जाळ्यातून निसटलेल्या, अजून वाढत असलेल्या किंवा वाढ खुंटून तसेच राहिलेल्या माशांची नोंद ठेवणारा रकानाच या पद्धतीत नाही. तलावातील माशांचे व्यवस्थापन या नावाने जे चालते, ते त्यामुळे बव्हंशी बीज सोडण्याचे आणि माल मोजण्याचे व्यवस्थापन ठरते. मासळीच्या समुदायाची पाहणी हा त्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक भाग असूनही तोच नेमका गाळला जातो.

मत्स्यशास्त्रात ज्याला उष्णजलीय मासे म्हणतात, त्यांचा अर्थ इतकाच की ज्या जातींची वाढ आणि प्रजनन कोमट पाण्यात उत्तम होते आणि ज्यांना ट्राउटसारख्या माशांप्रमाणे थंड, प्राणवायूने भरलेल्या प्रवाहाची गरज नसते. दख्खनच्या पठारावरील आणि विदर्भातील झाडून सारे तलाव या व्याख्येत बसतात. त्यांच्या व्यवस्थापनाचे शास्त्र मात्र प्रथम आकाराला आले ते अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेततळ्यांत. १९३०च्या दशकात अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान तळ्यांचा अभ्यास हाती घेतला. या तळ्यांत मुख्यतः दोन जाती असत : लार्जमाउथ बास हा शिकारी मासा आणि त्याचे भक्ष्य असलेला ब्लूगिल हा तळहाताएवढा, अत्यंत झपाट्याने पिलावळ वाढवणारा मासा. तळे रिकामे करून त्यातील प्रत्येक मासा जातीनिहाय व आकारानिहाय तोलायचा, अशी स्विंगल यांची खटाटोपाची पण निःसंदिग्ध पद्धत होती आणि १९५०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने या विषयाला ‘समतोल’ ही कल्पना दिली. ज्या तळ्यातून दरवर्षी खाण्याजोग्या आकाराची मासळी टिकाऊपणे निघत राहते ते समतोल तळे, अशी त्यांची व्याख्या होती, आणि भक्ष्य माशांचे एकूण वजन भागिले शिकारी माशांचे एकूण वजन हे गुणोत्तर साधारण ३ ते ६च्या दरम्यान असले, की असे तळे चांगल्या स्थितीत आहे असे त्यांनी मोजमापांतून दाखवले.

या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हा आहे की तळ्याचे बिघडलेपण माशांच्या संख्येच्या तुटवड्यात नव्हे, तर बहुतेक वेळा तिच्या अतिरेकात दिसते. शिकारी मासे कमी झाले की ब्लूगिलची पिल्ले मोठ्या प्रमाणात वाचतात, अन्न तेवढेच राहते, प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते आणि तळे बोटभर लांबीच्या, प्रौढ झालेल्या पण न वाढलेल्या माशांनी भरून जाते. हेच मासे मग बासची अंडी खाऊन शिकाऱ्यांची पुढची पिढीही रोखतात. अशा तळ्यात आणखी बीज सोडणे म्हणजे उपाशी पंगतीत आणखी पाने मांडणे होय. पुढे स्विंगल यांनी तळे रिकामे न करताही हा निदानाचा मार्ग खुला केला : उन्हाळ्यात काठाजवळ एक ओढजाळे फिरवायचे आणि त्यात दोन्ही जातींची त्या वर्षीची पिल्ले मिळतात की एकाच जातीची, मधल्या आकाराचे मासे किती आहेत, एवढेच पाहायचे. बासचे एकही पिल्लू न दिसता मधल्या आकाराचे ब्लूगिल भाराभर मिळाले, तर तळ्यात गर्दी झाली आहे हे तासाभरात कळते.

या परंपरेला संख्येची शिस्त दिली ती मिसुरीतील रिचर्ड अँडरसन यांनी १९७०च्या दशकात. एकूण मासे किती हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी मिळालेल्या माशांतील लांबीचे प्रमाण विचारात घेतले. प्रत्येक जातीसाठी दोन लांब्या ठरवायच्या, एक ‘साठा-लांबी’, जिच्याखालचे मासे हिशेबात धरायचे नाहीत, आणि दुसरी ‘दर्जा-लांबी’, जिच्यावरचा मासा पकडणाऱ्याला समाधान देतो. मग साठा-लांबी ओलांडलेल्या माशांपैकी शेकडा किती मासे दर्जा-लांबीच्या पुढे गेले आहेत, हे काढायचे. बाससाठी या लांब्या अनुक्रमे २० आणि ३० सेंटीमीटर आहेत, तर ब्लूगिलसाठी ८ आणि १५. समतोल तळ्यात बासचे हे प्रमाण साधारण ४० ते ७० आणि ब्लूगिलचे २० ते ६० असते. त्याच्या जोडीला सापेक्ष वजन हे दुसरे माप आले : माशाचे प्रत्यक्ष वजन त्याच लांबीच्या सुदृढ माशाच्या अपेक्षित वजनाच्या शेकडा किती भरते, याचा हिशेब. लांबीचे प्रमाण समुदायाची रचना सांगते आणि सापेक्ष वजन त्या समुदायाला पोटभर मिळते की नाही हे सांगते. दोन्ही एकत्र वाचली की गर्दी, उपासमार, अतिमासेमारी आणि प्रजननातील खंड या चार अगदी वेगळ्या व्याधी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. लहान मासे पुष्कळ आणि रोडावलेले असतील तर गर्दी आहे. लहान मासे पुष्कळ पण गुटगुटीत असतील तर मोठे मासे वेळेआधी पकडले जात आहेत. मोठे मासे थोडे, गुबगुबीत आणि लहान मासे जवळजवळ नाहीतच, तर प्रजनन किंवा पिल्लांची जगणूक खुंटली आहे. उत्पादनाचा टनांतला आकडा या सर्व स्थितींत सारखाच कमी दिसू शकतो, आणि प्रत्येकीवरचा उपाय मात्र निराळा, काही वेळा परस्परविरोधी असतो.

दर्जा-लांबी ही निसर्गाने आखलेली रेषा नाही, हेही येथे स्पष्ट म्हणायला हवे. अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती त्या जातीच्या जागतिक विक्रमी लांबीच्या शेकडेवारीवरून ठरवली, कारण त्यांच्या तलावांचा मुख्य उपभोक्ता गळ टाकणारा हौशी मासेमार होता. एवढेच नव्हे, तर एकाच तळ्यासाठी मालकाच्या हेतूनुसार निरनिराळी उद्दिष्टे मांडली गेली : ज्याला मोठे ब्लूगिल हवेत त्याने बासचे प्रमाण मुद्दाम २० ते ४० एवढे खाली ठेवावे, म्हणजे लहान पण असंख्य बास ब्लूगिलची पिल्ले छाटत राहतील आणि उरलेले ब्लूगिल मोठे होतील, ज्याला मोठे बास हवेत त्याने नेमके उलट करावे. म्हणजे पाहणी तलावाची स्थिती सांगते, पण ती स्थिती चांगली की वाईट हे तलाव कोणासाठी आणि कशासाठी राखायचा यावर अवलंबून असते. शास्त्राचा आव आणून हा निर्णय लपवता येत नाही, उलट पाहणी केली की तो उघडपणे घ्यावा लागतो. पाहणी टाळण्यात प्रशासनाला जी सोय वाटते, तिचे एक मूळ येथे असावे.

पाहणीच्या तंत्राबद्दल थोडक्यात सांगायचे तर कोणतेही साधन तलावाचे निष्पक्ष चित्र देत नाही. कल्ल्यांत अडकवणाऱ्या गिलनेटच्या प्रत्येक आसाला, म्हणजे जाळ्याच्या भोकाला, एका ठरावीक जाडीचेच मासे सापडतात, त्याहून लहान निसटतात आणि त्याहून मोठे आदळून परततात. म्हणून युरोपीय मानक पद्धतीत एकाच जाळ्यात ५ पासून ५५ मिलिमीटरपर्यंतच्या बारा निरनिराळ्या आसांचे पट्टे जोडलेले असतात. नावेतून पाण्यात विद्युतप्रवाह सोडून मासे क्षणभर बधिर करण्याची पद्धत काठाजवळच्या उथळ पाण्यात उत्तम चालते, पण खोल पाण्यातले मासे तिला दिसत नाहीत आणि लांब शरीरावर प्रवाहाचा परिणाम अधिक होत असल्याने मोठे मासे प्रमाणाबाहेर मिळतात. एकूण संख्याच हवी असेल तर डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवलेली खुणेची पद्धत आहे : २०० मासे खूण करून सोडले, नंतर पकडलेल्या १५० माशांत १० खुणेचे निघाले, तर तलावात सुमारे ३,००० मासे असावेत. ही पद्धत देखणी खरी, परंतु खुणा गळून पडत नाहीत, खुणेचे मासे इतरांत नीट मिसळतात आणि मधल्या काळात कोणी येत-जात नाही, ही तिची गृहीतके सांडवा वाहणाऱ्या धरणात क्वचितच टिकतात. म्हणूनच एकूण संख्येपेक्षा प्रमाणांना आणि ‘प्रतिप्रयत्न पकड’ या मापाला, म्हणजे तेच जाळे तेवढाच वेळ त्याच ऋतूत लावले असता किती मासे मिळतात याला, व्यवहारात अधिक मोल आले. साधनाचा दोष दरवर्षी तोच राहिला तर बदल खरा दिसतो. शास्त्रीय पाहणीचा सारा भर अचूकतेपेक्षा या सातत्यावर आहे.

भारतात या विषयाने वेगळे वळण घेतले, आणि त्याचे कारण एका खऱ्याखुऱ्या यशात आहे. कटला, रोहू आणि मृगळ या प्रमुख कार्प जाती पावसाळ्यातील वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात घालत नाहीत. त्यामुळे तलावासाठी बीज हवे असेल तर ते नदीतून गोळा करावे लागे, आणि त्यात नको त्या जातींची भेसळ ठरलेली असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन घडवले आणि बीजाचा प्रश्न मुळापासून बदलला. त्यानंतर मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली या वाढीच्या तीन टप्प्यांतील माल हव्या तितक्या संख्येने तयार होऊ लागला, आणि जी गोष्ट कारखान्याप्रमाणे मोजता येते तीच धोरणाचे केंद्र बनली. तलावात किती लाख बीज सोडले हे सांगणे सोपे होते. त्यातले किती जगले, किती सांडव्यातून आणि कालव्यातून वाहून गेले, किती स्थानिक शिकारी माशांच्या पोटात गेले, हे सांगायला मात्र पाण्यात उतरावे लागते.

परिणाम आकड्यांत दिसला. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी भारतीय जलाशयांचा जो आढावा घेतला, त्यात देशातील सुमारे ३१.५ लाख हेक्टर जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी केवळ २० किलोच्या आसपास निघाले. १,००० हेक्टरांपेक्षा लहान जलाशयांत ते सुमारे ५० किलो, तर मध्यम आणि मोठ्या जलाशयांत ११ ते १२ किलो होते. याच आढाव्यातील तामिळनाडूच्या अळियार जलाशयाचे उदाहरण मात्र प्रत्येक जिल्हा मत्स्य कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. तेथे केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली १९८०च्या दशकात मंद वाढणाऱ्या जाती सोडणे थांबवले गेले, सोडायच्या बोटुकलीची लांबी १०० मिलिमीटरच्या वर नेली, सोडण्याची घनता हेक्टरी सुमारे २३५ ते ३०० एवढी कमी केली, जाळ्याच्या आसावर कडक नियंत्रण ठेवले आणि एक किलोपेक्षा लहान प्रमुख कार्प पकडण्यास मनाई केली. उत्पादन हेक्टरी सुमारे १९४ किलोपर्यंत चढले. बीज कमी सोडून मासळी वाढली, हा निष्कर्ष ज्या नोंदवहीत फक्त बीजाची संख्या लिहिली जाते तिच्यात अपयश म्हणूनच उमटला असता.

बीज सोडण्याच्या या आंधळेपणाची दुसरी बाजू परक्या माशांची आहे. मोझांबिक तिलापिया १९५२मध्ये भारतात आणला गेला आणि ब्लूगिलची भूमिका त्याने येथे हुबेहूब वठवली : लहान आकारात प्रौढ होणे, वर्षातून अनेकदा अंडी घालणे, तोंडात अंडी-पिल्ले सांभाळल्याने त्यांची जगणूक वाढणे आणि गर्दीत स्वतःचीच वाढ खुंटवणे. भीमेवरच्या उजनी जलाशयात मासेमार त्याला आणि त्याच्या भाईबंदांना चिलापी म्हणतात, आणि तेथील पकडीत या माशाचा वाटा इतका मोठा झाला आहे, की त्याला ‘तणमासा’ म्हणून झटकणे हा पुस्तकी पवित्रा ठरेल. ज्या कुटुंबांची रोजची चूल त्यावर पेटते त्यांच्यासाठी तो रोजगार आहे. प्रश्न तो हवा की नको हा नाही. त्याच्या समुदायात खाण्याजोग्या आकाराच्या माशांचे प्रमाण वर्षागणिक घटते आहे की स्थिर आहे, बारीक आसाच्या जाळ्यांनी गर्दी कमी होते आहे की सोबत कटला-रोहूची बोटुकलीही उपसली जाते आहे, हा प्रश्न आहे. आणि तो लांबीच्या मोजपट्टीनेच सुटतो. बारीक आसावर सरसकट बंदी घालणारा आदेश चिलापीच्या बाबतीत उलटा परिणाम करू शकतो, ही शक्यता पाहणीशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिमाचल प्रदेशातील गोविंदसागरात १९७१मध्ये पुरामुळे एका मत्स्यकेंद्रातून सिल्व्हर कार्प वाहून आला आणि काही वर्षांत तेथील मुख्य मासा झाला. कटल्याची पीछेहाट झाली, पण एकूण टनभार वाढला, त्यामुळे उत्पादनाच्या रकान्यात हे सारे यश म्हणूनच दिसले. महाराष्ट्राशी थेट जोडलेले उदाहरण अधिक बोचरे आहे. लोणावळ्याच्या तलावांलगत वाढवलेले दख्खनी महासीरचे बीज दशकानुदशके देशभर वाटले गेले आणि कावेरीतही सोडले गेले; तेथे त्याने त्या नदीच्या स्वतःच्या, आकाराने प्रचंड होणाऱ्या कुबडधारी महासीरला मागे टाकले, आणि २०१८मध्ये या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका संकटग्रस्त जातीला वाचवण्याच्या सद्हेतूने दुसरी जात विनाशाच्या काठावर आली. जेथे सोडायचे तेथे आधी काय आहे हे न पाहता सोडणे, एवढीच यातली चूक होती. जपानमध्येही ब्लूगिलची कथा अशीच घडली : १९६०मध्ये अमेरिकेतून भेट मिळालेले हे मासे युवराज अकिहितो यांनी मायदेशी नेले, आणि २००७मध्ये सम्राट म्हणून बोलताना त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. राजघराण्याला खेद व्यक्त करता आला. मत्स्य खात्यांना तशी प्रथा नाही.

अमेरिकन शेततळ्यांचे हे शास्त्र दख्खनच्या जलाशयाला लागू पडणार नाही, असा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. तेथे दोन जाती, येथे चाळीस-पन्नास; तेथे मासे तलावातच प्रजनन करतात, येथे बाजाराचे मुख्य मासे दरवर्षी बाहेरून येतात, त्यामुळे कटल्याच्या बाबतीत समतोल हा शब्दच अपुरा आहे आणि त्याचा हिशेब पेरणी-कापणीच्या जवळ जातो. थंड प्रदेशात माशाच्या खवल्यावर हिवाळ्याची वलये उमटतात आणि वय वाचता येते. येथे ती पुसट असतात. परंतु या अडचणींतून निघतो तो एवढाच अर्थ की तेथले आदर्श आकडे येथे आणू नयेत. वयाची अडचण डॅनिएल पॉली यांनी १९८०च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये काम करताना बरीच सोडवली : महिन्यामागून महिना मोजलेल्या लांब्यांच्या आलेखातील उंचवटे कसे पुढे सरकतात, यावरून वाढीचा वेग काढण्याची त्यांची पद्धत उष्ण कटिबंधासाठीच घडवलेली आहे. तिला हवी असते ती एक मोजपट्टी, एक वही आणि सातत्य. मासेमार सहकारी संस्थेच्या काठावर माल उतरतो तेथे दर पंधरवड्याला काही डझन माशांची लांबी-वजने जातीनिहाय नोंदवली आणि कोणत्या आसाचे जाळे किती वेळ लावले हे त्यापुढे लिहिले, तर तीन वर्षांत त्या तलावाबद्दल आज कोणत्याही कार्यालयात नसलेली माहिती जमा होईल. पैशांअभावी पाहणी होत नाही हे म्हणणे, बीजावर दरवर्षी होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवले, की टिकत नाही.

दर्जा-लांबी कोणी ठरवायची, हा प्रश्न मग अटळपणे उभा राहतो आणि त्याचे उत्तर पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांत जास्त गुंतागुंतीचे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने भातशेतीसाठी बांधलेले हे हजारो तलाव उथळ, पाणवनस्पतींनी भरलेले आणि मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या तेथेच वाढणाऱ्या, तेथेच अंडी घालणाऱ्या देशी माशांचे घर होते. ढिवर समाजाची मासेमारी त्यांच्यावर चाले. कार्पच्या बीजाने येथे उत्पादन वाढवले खरे, पण कार्पसाठी सोयीचे खुले पाणी आणि देशी माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती यांचे हितसंबंध एक नाहीत. काही ढिवर संस्थांनी बेशरमची झुडपे काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले, तेव्हा ते प्रत्यक्षात स्वतःचे उद्दिष्ट ठरवत होते, जरी त्याला कोणी तसे नाव दिले नाही. मरळीची दर्जा-लांबी बाजारभावापेक्षा तिच्या पहिल्या प्रजननाच्या लांबीवरून ठरवावी लागेल, कटल्याची किलोच्या वजनावरून आणि लहान देशी माशांसाठी तर लांबीऐवजी जातींची संख्याच पाहावी लागेल. जुन्या तुलनेसाठी आधार अगदीच नाही असेही नाही : १८३९मध्ये कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांचे केलेले वर्णन भीमा-मुळा खोऱ्यापुरते तरी आजही पहिल्या पाहणीचे काम देते.

मत्स्य खात्याच्या हाती नसलेली एक गोष्ट या सगळ्यापेक्षा प्रभावी आहे, ती म्हणजे पाण्याची पातळी. अमेरिकन व्यवस्थापक शरद ऋतूत तळ्याचे पाणी मुद्दाम उतरवतात, म्हणजे वनस्पतींत दडलेले लहान ब्लूगिल उघड्यावर येऊन बासच्या तोंडी पडतात. महाराष्ट्रात पाणी उतरते ते कालव्याच्या आवर्तनानुसार, आणि मे महिन्यात मृतसाठ्याजवळ पोहोचलेल्या डबक्यात उरलेले सर्व मासे, पुढच्या वर्षीच्या प्रजननासाठी लागणाऱ्या देशी माशांसह, सोप्या रीतीने उपसले जातात. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीपुढे शेतकऱ्यांच्या मागण्या हेक्टर आणि दिवसांत मांडलेल्या असतात. मासेमारांची मागणी मांडायला तसे एकक नसते, कारण तलावातील कोणते मासे कोणत्या महिन्यात किती पाण्यावर तगतात, याची नोंद कोणाकडेच नसते. लांबीची ती वही भरलेली असेल, तर किमान डोहाजवळचे काही हेक्टर पाणी जूनपर्यंत राखून ठेवण्याची मागणी आकड्यांसह त्या समितीच्या टेबलावर ठेवता येईल, आणि ती फेटाळायची झाल्यास समितीलाही आकड्यांतच उत्तर द्यावे लागेल.